मे महिन्यातली जळगाव–धुळे फेरी आणि वैमानिकाची पुस्तकं

जळगावच्या विमानतळाकडून, म्हणजे कुसुंब्याकडून, सकाळी जाणाऱ्यांना डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानांचं आता नवल राहिलेलं नाही. धुळ्यात गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. १९२८ साली मुंबईत सुरू झालेला हा तोच क्लब, जिथे शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. शिरपूरलाही धावपट्टी आहे. म्हणजे वैमानिक व्हायला खानदेशाबाहेर जायलाच हवं, असं राहिलेलं नाही. साहजिकच बारावी सायन्स झालेल्या पोरापोरींच्या घरी हा विषय निघतो, आणि खर्चाचा आकडा ५० लाखांच्या आसपास जातो हे कळलं की वडील विचारतात, "इमान उडावाले इतला अभ्यास कसाले, भाऊ?"

प्रश्न रास्त आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या काही विद्यार्थ्यांचा पेपरांचा अभ्यासही घेतो. मला दिसतं ते असं, की बहुतेक घरांत हा अभ्यास म्हणजे उड्डाणाआधी उरकायची औपचारिकता समजली जाते. प्रश्नसंच पाठ करायचे, पेपर काढायचे आणि मग खरं शिक्षण सुरू. हा समज मुलांचं नुकसान करतो. या पुस्तकांतून शिकायचं असतं ते जमिनीवर बसून, कागद-पेन्सिल घेऊन, आज उडायचं की नाही हे ठरवायला. ते कसं, हे दाखवायला मी एकच फेरी घेतो. मे महिना, दुपारचे दोन, छोटं दोन किंवा चार आसनी सेसना विमान, जळगावहून धुळ्याला.

त्याआधी चौकट समजून घेऊ. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्याला सीपीएल म्हणतात. वय १८ पूर्ण हवं, वैद्यकीय तपासणीत पास व्हायला हवं, एकूण २०० तास उड्डाण हवं. त्या २०० मधले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून केलेले हवेत. त्यात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, आणि त्यातली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची (एक नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर), वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेली. शिवाय रात्रीचे ५ तास आणि केवळ उपकरणांकडे बघून उडवण्याचे १० तास. याच्या जोडीला लेखी पेपर: एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, आणि टेक्निकलचे दोन, एक सर्वसाधारण आणि एक तुम्ही ज्या विमानावर शिकता त्याचा. प्रत्येकात ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा.

विद्यापीठाची पदवी या चौकटीत कुठे बसते? बी.एस्सी. एव्हिएशनसारखे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत याच विषयांना जोडून गणित, भौतिकशास्त्र, वायुगतिकी, मानवी घटक, सुरक्षा व्यवस्थापन, विमान कंपनीचं अर्थकारण असे विषय येतात. पण पदवी घेतली म्हणून डीजीसीएचे पेपर माफ होत नाहीत, आणि परवान्यासाठी पदवीची अट नाही. विद्यापीठात ४० मार्कांवर निभावलेला विषय डीजीसीएच्या ७० ला अडकतो, हे मी बघितलेलं आहे.

अमेरिकेत वेगळी तऱ्हा आहे. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. त्यानंतर तिथे नियम कडक झाले आणि २०१३ पासून विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांची अट आली. मात्र मान्यताप्राप्त विद्यापीठात विमानविद्येची पदवी घेताना त्या विषयाचे ६० क्रेडिट पूर्ण केले, तर हीच अट १००० तासांवर येते. ३० क्रेडिट असतील तर १२५० वर. वर्गात नीट शिकलेल्या गोष्टीला तिथे कायद्यानेच आकाशातल्या तासांचं मोल दिलं आहे. आपल्याकडे अशी सूट नाही. तरीही पदवी वाया जात नाही. वैद्यकीय तपासणीत पुढे कधी अडचण आली किंवा भरती थांबली, तर हातात काहीतरी राहतं, आणि सावकाश शिकायला तीन वर्षं मिळतात.

आता आपली फेरी. पहिला प्रश्न टेक्निकलचा आहे: विमान उचलेल का?

पंखावरून हवा वाहते, तिच्यामुळे उचल मिळते. हवा जितकी दाट तितकी उचल जास्त. उंचावर हवा विरळ असते, हे सगळ्यांना माहीत असतं. गरम हवाही विरळ असते, हे मात्र आपण विसरतो, आणि खानदेशात विसरून चालत नाही. विमानविद्येत एक प्रमाण वातावरण ठरवलेलं आहे: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, आणि दर १००० फुटांना साधारण २ अंशांनी कमी. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर. म्हणजे प्रमाणानुसार तिथे साडेतेरा अंश असायला हवेत. मे महिन्यात दुपारी असतात ४५. फरक साडेएकतीस अंशांचा. प्रत्येक जादा अंशाला १२० फूट धरायचे, हा ढोबळ नियम. साडेएकतीस गुणिले १२० म्हणजे जवळजवळ ३८०० फूट. त्यात मूळचे ८०० मिळवा: ४६०० फूट. उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून थोडा चढाच निघतो.

याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. महाबळेश्वरची उंची साधारण ४५०० फूट आहे. म्हणजे जळगावच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान त्या दुपारी हवेच्या हिशेबाने महाबळेश्वरच्या पठारावर उभं असतं. पंखाला उचल कमी मिळते, पुढच्या फिरत्या पंख्याला ढकलायला हवा कमी मिळते, आणि इंजिनाला जाळायला प्राणवायू कमी मिळतो. तिन्ही बाजूंनी मार एकाच वेळी बसतो. उड्डाणासाठी धावपट्टीवर लागणाऱ्या अंतराचा सर्वसाधारण ठोकताळा असा, की दर १० अंश जादा तापमानाला १० टक्के आणि दर १००० फूट उंचीला १० टक्के अंतर वाढतं. समुद्रसपाटीच्या १५ अंशांवरून इथे आलो, तर ही वाढ ४० टक्क्यांच्या वर जाते. जिथे ५०० मीटर लागायचे तिथे ७०० हून अधिक. धावपट्टी लांब असेल तर तेवढं निभावतं. पण उचलल्यानंतर चढण्याचा वेगही मंदावलेला असतो, आणि पुढची झाडं, विजेच्या तारा जिथल्या तिथेच असतात.

यात फसवणारी गोष्ट अशी, की वेगदर्शकाची सुई नेहमीसारखीच वागते. ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) नाक उचलायचं असेल तर ५५ लाच उचलायचं. पण हवा विरळ असल्याने सुई ५५ दाखवते तेव्हा विमानाचा खरा वेग ५९ च्या आसपास असतो. वारा नसेल तर चाकं जमिनीवर तेवढ्याच वेगाने पळत असतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, आज धावपट्टी फार लवकर संपतेय, आणि तो घाईने नाक ओढतो.

घाईने ओढलं तर काय होतं, तेही याच पुस्तकात आहे. पंख हवेला सामोरा जातो तो कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला, की वरच्या पृष्ठभागावरून हवा सुटते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नाही, आणि मुळात वेगाशीही नाही, कोनाशी आहे. म्हणून वळताना धोका वाढतो. ६० अंश कलून उंची न सोडता वळलं, तर पंखांवर विमानाच्या दुप्पट वजन येतं आणि स्टॉलचा वेग १.४१ पट होतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान या वळणात ७१ ला होईल. दोनाचं वर्गमूळ १.४१, हे दहावीला पाठ केलेलं असतं. ते इथे जीव वाचवतं, असं मुलांना सांगितलं की वर्गात शांतता पसरते आणि लिहिणं सुरू होतं.

दुसरा प्रश्न नेव्हिगेशनचा. धुळं कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. एरंडोल, पारोळा, मग धुळं, खाली महामार्ग दिसतोच. मग गणित कशाला? वाऱ्यामुळे. तापीला पूर असताना नावाडी पैलतीरावरच्या घाटाच्या वरच्या अंगाला नाव रोखतो, तेव्हा कुठे ती घाटावर लागते. विमानाचंही तेच. नाक एका दिशेला आणि प्रत्यक्ष मार्ग दुसऱ्या, असंच उडायचं असतं.

आकडे घेऊ. जळगाव ते धुळे विमानतळ हवाई अंतर ५० नॉटिकल मैलांच्या आसपास, ४८ धरू. दिशा जवळजवळ नेमकी पश्चिम. विमानाचा हवेतला वेग ९० नॉट. वारा वायव्येकडून २० नॉट, म्हणजे मार्गाशी ४५ अंशांवर. त्याचे दोन भाग पडतात: समोरून १४ नॉट आणि उजवीकडून १४ नॉट. उजवीकडच्या वाऱ्याला तोंड द्यायला नाक किती वळवायचं? १४ भागिले ९० गुणिले ६०, म्हणजे सुमारे ९ अंश उजवीकडे. समोरच्या वाऱ्याने जमिनीवरचा वेग ७५ वर येतो. म्हणून ३२ मिनिटांची फेरी ३८ मिनिटांची होते. वाऱ्याचा हिशेबच केला नाही आणि नाक सरळ पश्चिमेला धरून बसलात, तर धुळ्याच्या रेषेत पोचेपर्यंत विमान सुमारे ९ नॉटिकल मैल, म्हणजे १६ किलोमीटर दक्षिणेला गेलेलं असेल. धुळ्याच्या दक्षिणेचा लळिंगचा किल्ला उजव्या हाताला दिसला, तर समजायचं.

वरच्या गणितातला ६० हा आकडा कुठून आला? ६० मैल गेल्यावर मार्गापासून १ मैल बाजूला गेलात, तर चूक साधारण १ अंशाची असते. हा साठात एकचा नियम वैमानिक तोंडी वापरतात. समजा वाऱ्याचा हिशेब करून निघालात, पण वारा अंदाजापेक्षा जास्त निघाला. पारोळा साधारण ३० मैलांवर. तिथे पोचेपर्यंत तुम्ही ३ मैल दक्षिणेला सरकलात. ३० मैलांत ३, म्हणजे ६० मैलांत ६, म्हणजे ६ अंशांची चूक. नाक ६ अंश उजवीकडे वळवलं तर मार्गाला समांतर जाल, पण तीन मैल बाजूलाच राहाल. पुढे १८ मैल उरलेत, त्यात ते ३ मैल भरून काढायचे, म्हणजे आणखी १० अंश. एकूण १६. कॅलक्युलेटर लागत नाही. पण एक हात विमानावर आणि एक कान रेडिओवर असताना हे सुचायला ते घरी शंभर वेळा घोटलेलं हवं. प्रश्नसंचातलं उत्तर पाठ करणाऱ्याला हे पारोळ्यावर सुचत नाही.

तिसरा प्रश्न हवामानाचा, आणि माझ्या मते खानदेशातल्या मुलांनी सर्वांत जीव लावून करायचा विषय हाच. आपल्याकडे त्याची प्रयोगशाळा उघड्यावर आहे. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला मे-जूनमधलं वादळ शिकवावं लागत नाही. दुपारनंतर सातपुड्याच्या बाजूला ढग चढायला लागतात, हवा थबकते, मग एकदम थंडगार झोत येतो आणि घडांनी लगडलेल्या बागा दहा मिनिटांत आडव्या होतात. पाऊस कधी नंतर येतो, कधी येतच नाही.

तो थंड झोत कुठून आला, हे पुस्तकात आहे. तापलेल्या जमिनीवरून हवा वेगाने वर चढते, गडगडाटी ढग तयार होतो. त्यातून पाऊस पडू लागतो. मेमध्ये खालची हवा इतकी कोरडी असते, की पुष्कळ थेंब जमिनीवर येण्याआधीच वाफ होऊन जातात. वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतात. त्यामुळे हवा थंड आणि जड होते आणि दगडासारखी खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चारी दिशांना पसरते. शेतात उभ्या माणसाला हाच झोत लागतो. आता या फेकलेल्या हवेत उतरायला आलेलं विमान बघा. आधी समोरून जोराचा वारा मिळतो, वेग वाढल्यासारखा वाटतो, वैमानिक इंजिन कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत तो कोसळत्या हवेखाली येतो आणि लगेच वारा पाठीमागून लागतो. वेग एकदम घसरतो, उचल जाते, इंजिन आधीच कमी केलेलं असतं, आणि खाली उंची उरलेली नसते. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डॅलसला डेल्टा कंपनीचं मोठं प्रवासी विमान असंच पडलं. त्यानंतर वाऱ्याच्या अशा पालटाचं खास प्रशिक्षण आलं आणि विमानांत तो ओळखणारी उपकरणं बसू लागली. म्हणून दुपारी दोनच्या आपल्या फेरीला हवामानाचा अहवाल गडगडाट सांगत असेल, तर उत्तर 'नाही' हेच. ढग अजून यावलवर आहे, आपण पश्चिमेला चाललोय, हा हिशेब चालत नाही. झोत ढगाच्या कितीतरी पुढे धावतो.

हिवाळ्यात प्रश्न बदलतो. विमानतळाच्या अहवालात तापमानाशेजारी दवबिंदूचा आकडा असतो. दोन्हींत एखाद-दोन अंशांचंच अंतर असेल, रात्र निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर पहाटे धुकं बसण्याची दाट शक्यता. नदीकाठच्या ओल्या शेतांवर ते आधी उतरतं.

हवेच्या दाबाचाही हिशेब आहे. उंचीमापक म्हणजे दाब मोजणारं यंत्रच. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर उंचीत साधारण ३० फुटांचा फरक पडतो. सकाळी लावलेला दाब तसाच ठेवला आणि वाटेत तो १० ने उतरला, तर यंत्र खऱ्यापेक्षा ३०० फूट जास्त उंची दाखवेल. तापीच्या खोऱ्यात चुकून खपून जाईल, पण सातपुड्यातला अस्तंभ्याचा डोंगर १३०० मीटरच्या वर उभा आहे.

रेग्युलेशन्सचा पेपर पाठांतराचा, त्यावर जास्त लिहीत नाही. रेडिओच्या भाषेबद्दल मात्र एक गोष्ट. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. धुक्यात, रेडिओवरच्या संदिग्ध वाक्यांमुळे एकाला वाटलं परवानगी मिळाली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतानाच किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे धास्ती वाटते. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर इंग्रजीची सहापैकी चौथी पातळी लागते. त्यासाठी फाडफाड इंग्रजी नको, ठरलेली वाक्यं स्पष्ट उच्चारता यायला हवीत आणि अनपेक्षित अडचण साध्या शब्दांत सांगता यायला हवी. कल्पना मराठीतून पक्की करा, पेपर इंग्रजीतून सोडवा. माझे विद्यार्थी असंच करतात.

मानवी घटक हा विषय पदवीच्या वर्गात निवांत शिकवला जातो, आणि तो टाळू नये. आपला तोल कानाच्या आतल्या द्रवावर चालतो. क्षितिज दिसत असेल तर डोळा त्याला सांभाळून घेतो. धुरकट संध्याकाळी किंवा अंधाऱ्या रात्री क्षितिज गेलं, की कान खोटं बोलू लागतो. हळूहळू कललेलं विमान सरळ वाटतं, आणि सरळ केलं की कलल्यासारखं वाटतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो काही मिनिटांत अरबी समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. बाहेर काळोख होता, आणि बाकीच्या उपकरणांशी ताडून विमान सावरणं झालं नाही. म्हणून उपकरणांचे १० तास परवान्याच्या अटीत आहेत, आणि एका सुईवर विश्वास ठेवायचा नाही हे पहिल्या वर्षापासून शिकवतात.

तर आपली दुपारची फेरी बहुतेक होत नाही. ती पहाटे सहाला जाते. तेव्हा तापमान २८ च्या आसपास असतं आणि डेन्सिटी अल्टिट्यूड अडीच हजार फुटांवर येतं. वारा मंद असतो आणि ढग अजून जन्मलेले नसतात. उन्हाळ्यात डोक्यावरची घरघर भल्या सकाळीच जास्त ऐकू येते, त्याचं कारण हेच.

ज्यांच्या घरी हा निर्णय व्हायचा आहे त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी वैद्यकीय तपासणी, तीही दुसऱ्या वर्गाची करून थांबू नका. परवान्याला पहिल्या वर्गाची लागते, तेव्हा डोळे, कान, हृदय यांत अडचण निघते का ते मोठी फी भरण्याआधी कळू द्या. मग संस्थेत जाऊन विचारा: चालू स्थितीतली विमानं किती, प्रशिक्षक किती, मागच्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले? पदवीच्या फीमध्ये उड्डाणाचे तास धरलेत की ते वेगळे, हे लेखी घ्या. आणि जमलं तर एखाद्या ग्राउंड क्लासला तासभर मागे बसा. शिकवणारा फळ्यावर जळगावचं तापमान घेऊन गणित सोडवतोय की प्रश्नसंचातली उत्तरं वाचून दाखवतोय, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.